बंद पाकिटातले दुपटे
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज पाटी बाजूला ठेवा. आज आपल्याला कात्री, फूटपट्टी आणि जुन्या कपड्यांचे गाठोडे लागणार आहे. गाठोडे आणायला मी मागच्या वेळीच सांगितले होते. बहुतेकांनी आणले आहे, हे दिसतेच आहे.

मागच्या रांगेतले बाप्ये हसत आहेत. हसू नका, बरं का! आपल्या अंगातला सदरा कोणी शिवला? शिंप्यानेच ना? सुईला बाई-बुवा काही कळत नाही. तेव्हा तुम्हीही पुढे या.

आज आपण एक दुपटे करायला घेणार आहोत. दुपटे म्हणजे तान्ह्या बाळाची लहान गोधडी. आपले दुपटे ३६ इंच रुंद आणि ४५ इंच लांब होईल. म्हणजे दोन हात रुंद आणि अडीच हात लांब. नवशिक्याने एकदम मोठ्या गोधडीला हात घालू नये. ती अर्धी होते, मग कामे निघतात, आणि गोधडी माळ्यावर जाऊन पडते. दुपटे लवकर हातावेगळे होते. एक पुरे झाले की दुसऱ्याला हुरूप येतो.

पण या दुपट्यात एक गंमत आहे. त्याचा नमुना कसा दिसणार, हे मी आज सांगणार नाही. हा नमुना चार पाकिटांत बंद आहे. दर शनिवारी एक पाकीट फोडायचे. आतली चिठ्ठी तुमच्यापैकी एकाने मोठ्याने वाचायची. चिठ्ठीत जेवढे लिहिले असेल तेवढेच काम त्या आठवड्यात करायचे. चौथे पाकीट फोडले की नमुना आपोआप डोळ्यांपुढे येईल.

हा खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत गोधडीला क्विल्ट म्हणतात. तिथल्या बायका असा खेळ खेळतात. सगळ्यांना सूचना एकच. पण कापड ज्याचे त्याचे. म्हणून नमुना एक असूनही प्रत्येकीची गोधडी वेगळी दिसते.

मी हा खेळ वर्गात का आणला? सांगतो. आपण इथे अक्षरे शिकलो. पण घरी गेल्यावर त्या अक्षरांचे काम काय? पुष्कळांना काहीच काम पडत नाही. न वापरलेला विळा गंजतो, तसे अक्षरही गंजते. या दुपट्यात तसे चालणार नाही. चिठ्ठी वाचल्याशिवाय सुई पुढे सरकणार नाही. “बाळ, एवढं वाचून दाखव रे,” असे नातवाला म्हणायचे नाही. आपले आपण वाचायचे.

दुसरेही एक कारण आहे. नमुना माहीत असला की डोळा सावरून घेतो. एखादा तुकडा लहान झाला तर आपण तो बाजूला लावतो. इथे कोणता तुकडा कुठे जाणार, हेच ठाऊक नाही. म्हणून कापड नीट निवडायचे आणि माप नीट धरायचे. तेवढे जमले तर नमुना फसत नाही. आजचा सगळा धडा एवढ्यासाठीच आहे.

गोधडी काही हलकी वस्तू नाही

गोधडी म्हटले की काहींना लाज वाटते. गरिबाघरची वस्तू, असे ते म्हणतात. तसे समजू नका.

आपण गोधडी म्हणतो, कुठे वाकळ म्हणतात. बंगालमध्ये कांथा म्हणतात. बिहारमध्ये सुजनी म्हणतात. कर्नाटकात कारवारच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बाया कवंदी शिवतात. नावे निराळी, पण रीत एकच. जुने कापड टाकायचे नाही. त्याचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालायचा. झिजलेल्या कापडाला दुसरा जन्म द्यायचा.

आपले गाडगेबाबा आठवा. ते १८७६ साली जन्मले आणि १९५६ साली गेले. त्यांच्या अंगावर ठिगळांचे गोधडीसारखे वस्त्र असे. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. त्या वेषात ते गावोगाव फिरले. गाव झाडले, आणि कीर्तनात लोकांना शिकायला सांगितले.

आणि अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. तिथे अलाबामा नावाचे राज्य आहे. त्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बाया शेतात राबत. शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या त्या गोधड्या शिवत. थंडीत पोरांना ऊब मिळावी म्हणून शिवत. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी गोधड्या विकायला सहकारी संस्था काढली. पुढे २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन शहरातल्या मोठ्या कला-संग्रहालयात भिंतीवर मांडल्या. लोक तिकीट काढून बघायला आले. कापड जुनेच होते. पण निवडणारा डोळा आणि कापणारा हात चांगला होता.

आता आपल्या गाठोड्याकडे वळू.

कापड कोणते घ्यावे?

गाठोडे सोडा. सगळे कपडे सुती आहेत का, ते आधी बघा.

बाळाच्या अंगाखाली सुती कापडच हवे. सुती कापड ओल शोषून घेते. ते मऊ असते आणि धुवायला सोपे असते. नायलॉन आणि पॉलिस्टर ओल शोषत नाहीत. बाळ ओले राहते, अंगावर पुरळ येते. आणि त्याहून मोठा धोका विस्तवाचा आहे. आपल्या घरात चूल असते, थंडीत शेकोटी असते. सुती कापडही पेटते, हे खरे. तेव्हा कोणतीच गोधडी विस्तवाजवळ नेऊ नये. पण नायलॉन पेटले की वितळते. ते वितळलेले कापड कातडीला चिकटते आणि खोल भाजते. म्हणून सांगतो, साडी कितीही चकचकीत असो, ती दुपट्यात घालू नका.

सुती कापड ओळखायचे कसे? हाताला सुती वाटते, पण हात फसतो. एक परीक्षा सांगतो. ही परीक्षा मोठ्या माणसाने करायची. जवळ पाण्याचा तांब्या ठेवायचा. पोरांना लांब ठेवायचे.

कापडाच्या कडेचे दोन-चार दोरे काढा. ते चिमट्यात धरा. खाली थाळी ठेवा आणि दोऱ्याला काडी लावा. दोरा कागदासारखा जळला, वास जळक्या कागदाचा आला, राख मऊ झाली आणि बोटाने चुरली, तर कापड सुती. दोरा आक्रसला, वितळला, आणि टोकाला कडक मणी झाला, तर ते नायलॉन किंवा पॉलिस्टर. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. थोडी राख आणि थोडा कडक खडा, असे दोन्ही दिसले तर ते मिसळीचे कापड. टेरिकॉट अशा मिसळीचे असते. मिसळीचे कापडही नको.

सुती कपडे एका बाजूला काढले? छान. आता त्यांतला चांगला भाग कोणता, ते बघू.

कपडा सगळीकडे सारखा झिजत नाही. सदऱ्याची कॉलर आणि कोपर आधी जाते. पाठ चांगली राहते. धोतर आणि लुगडे बसायच्या जागी विरते. साडीचा पायाकडचा काठ जमिनीला घासून जातो. कमरेकडचा काठ मात्र शाबूत असतो. आत खोचलेला भागही शाबूत असतो. पायजम्याचा गुडघा जातो, मागची पोटरी चांगली राहते.

चांगला भाग ओळखायला कापड उजेडाकडे धरा. जिथून उजेड जाळीसारखा दिसतो, तिथे कापड विरले आहे. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड हलके ताणा. उभे ताणा, आडवे ताणा. कुरकुर आवाज आला, दोरे सरकले, तर तो भाग टाका. अगदी टाकू नका. तो पोटातल्या थराला चालेल. वरच्या थराला नको.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नवे जाड कापड आणि जुने विरलेले कापड शेजारी शेजारी शिवू नये. नवे कापड जोरात धरते. ताण पडला की जुने कापड शिवणीजवळ फाटते. बैलजोडीत एक बैल दांडगा आणि एक म्हातारा असला तर काय होते? तसेच हे. जोडी सारख्या ताकदीची लावा.

घरात जुने पुरले नाही, तर थोडे कोरे कापड आणायला हरकत नाही. पण ते आधी पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी शिवले आणि मग आटले, तर दुपट्याला सुरकुत्या पडतात.

शेवटी रंगाची परीक्षा. पांढरी चिंधी ओली करा आणि कापडावर घासा. चिंधीला रंग लागला तर ते कापड रंग सोडते. लाल आणि गडद निळ्या रंगावर विशेष नजर ठेवा. ते कापड दोन-तीन वेळा धुऊन बघा. तरी रंग सोडत असेल तर दुपट्यात घेऊ नका. नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरे तुकडे गुलाबी होतील.

बटणे, हूक, टिकल्या, जर, सगळे आधीच उसवून काढा. बाळ जे दिसेल ते तोंडात घालते.

सासूबाईंचे लुगडे

पुढे बसलेल्या वहिनींनी हात वर केला आहे. बोला.

“गुरुजी, माझ्या गाठोड्यात सासूबाईंचं लुगडं आहे. त्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली. लुगडं सुती आहे, चांगलं आहे. पण कात्री लावायला हात होत नाही.”

वहिनी, चांगले विचारलेत. हा प्रश्न अनेकींच्या मनात असतो. म्हणून सगळ्यांसाठी उत्तर देतो.

हात होत नसेल तर आज कात्री लावू नका. कापलेले कापड पुन्हा जोडता येते, पण ते पूर्वीचे लुगडे होत नाही. आधी घरात विचारा. नणंदेला विचारा, दिरांना विचारा. ते लुगडे जसे तुमच्या सासूबाईंचे, तसे त्यांच्या आईचेही आहे. एकीने न विचारता कापले आणि दुसरीच्या मनाला लागले, असे होऊ नये. चिंधीवरून भावंडांत अबोला येतो. मी असे अबोले पाहिले आहेत.

सगळ्यांनी हो म्हटले, तरी सगळे लुगडे कापू नका. पदर आहे तसा ठेवा. घडी करून पेटीत ठेवा. मधला चांगला भाग तेवढा दुपट्याला घ्या. लुगडे पेटीत पडून राहिले, तर घडीच्या जागी विरते. उंदीर आणि कसर त्याला सोडत नाहीत. दुपट्यात आले, तर त्यांच्या पतवंडाच्या अंगाखाली जाईल. दोन्ही गोष्टी तुमच्यापुढे ठेवल्या. ठरवायचे तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी.

गडद, मध्यम, फिके

आता निवडलेल्या कापडांचे तीन ढीग करायचे. पहिला गडद. दुसरा मध्यम. तिसरा फिका.

इथे नवशिक्याची गफलत होते. तो रंगाकडे बघतो. लाल वेगळा, हिरवा वेगळा, असे म्हणतो. पण गडद लाल आणि गडद हिरवा शेजारी लावले, तर लांबून दोन्ही सारखेच काळपट दिसतात. नमुना उठत नाही. नमुना उठतो तो गडद आणि फिक्याच्या शेजाराने. ज्वारीच्या भाकरीवर काळे तीळ दिसतात, बाजरीच्या भाकरीवर तेवढे दिसत नाहीत. तसेच समजा.

मग ओळखायचे कसे? दिवेलागणीच्या वेळी कापडे ओसरीवर पसरा. पाच-सहा पावले मागे सरा. डोळे अर्धे मिटून बघा. संध्याकाळच्या उजेडात रंग मावळतो आणि गडद-फिकेपणा तेवढा उरतो. जी कापडे काळपट दिसतील ती गडद ढिगात. जी पांढुरकी दिसतील ती फिक्या ढिगात. उरलेली मध्यम ढिगात.

नक्षीचे कापड असले तर बारीक नक्षी घ्या. मोठी फुले ४ इंचांच्या तुकड्यात मावत नाहीत. अर्धे फूल एका तुकड्यात आणि अर्धे दुसऱ्यात जाते. कापडात गडद आणि फिके दोन्ही पट्टे असतील, तर ते बाजूला ठेवा. ते कोणत्याच ढिगात नीट बसत नाही.

मध्यम ढिगातून आपल्याला मोठे तुकडे काढायचे आहेत. त्याला जुना परकर चांगला. परकराचे कापड एकरंगी आणि सलग असते.

किती कापड लागेल?

आता थोडा हिशेब. वहीत लिहून घ्या.

गडद तुकडे ५०. प्रत्येक ४ इंच लांब, ४ इंच रुंद.
फिके तुकडे ४०. प्रत्येक ४ इंच लांब, ४ इंच रुंद.
मध्यम तुकडे १०. प्रत्येक १० इंच लांब, १० इंच रुंद.

बेरीज करा. ५० आणि ४०, झाले ९०. त्यात १०. एकूण शंभर तुकडे.

साडीचे दोन्ही काठ काढले की मधले कापड साधारण ४० इंच रुंद उरते. ४० इंचांत ४ इंचांचे किती तुकडे बसतील? दहा. म्हणजे गडद तुकड्यांच्या पाच ओळी. पाच चोक वीस. २० इंच लांबीचे गडद कापड पुरले. फिक्या तुकड्यांच्या चार ओळी. चार चोक सोळा. १६ इंच फिके कापड पुरले. मोठे तुकडे एका ओळीत चार बसतात. दहा तुकड्यांना तीन ओळी लागतात. म्हणजे ३० इंच मध्यम कापड. त्यातून दोन तुकडे जास्तीचे निघतील, ते राखून ठेवा.

२०, १६ आणि ३० मिळून ६६ इंच. दोन वारसुद्धा नाही! एवढ्याशा कापडातून दुपट्याचा वरचा थर होतो. अर्थात एकाच साडीत तीन छटा मिळणार नाहीत. तीन-चार जुन्या कपड्यांतून थोडे थोडे घ्यायचे.

खालचा थर म्हणजे अस्तर. त्याला ४० इंच रुंद आणि ४९ इंच लांब सलग कापड हवे. चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त धरले आहे. शिवताना कापड आत ओढले जाते, म्हणून. अस्तराला जुने धोतर किंवा चादर चालेल. पोटातल्या थरांना विरलेले लुगडे चालेल.

आणि साडीचा काठ फेकू नका. दुपट्याच्या चार कडा मिळून १६२ इंच होतात, म्हणजे साडेचार वार. सहावारी साडीचा एक चांगला काठ चारी बाजूंना फिरून थोडा उरतो.

टेपेची एक खोड सांगून ठेवतो. टेपेला दोन बाजू असतात. एका बाजूला १ पासून ६० पर्यंत आकडे असतात. ते इंच. दुसऱ्या बाजूला १ पासून १५० पर्यंत असतात. ते सेंटिमीटर. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, आणि पुढे दुकानातला वार जाऊन मीटर आला. शिवणात मात्र अजून इंचच बोलतात. एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटरला थोडे जास्त. कोणी इंचाने आणि कोणी सेंटिमीटरने कापले, तर एकाचा तुकडा हातभर आणि दुसऱ्याचा बोटभर. तेव्हा मोजण्याआधी टेपेची बाजू वाचा. नुसते बघू नका, वाचा.

कापायचे कसे?

कापड धुऊन वाळवा. त्यावर इस्त्री फिरवा. इस्त्री नसेल तर सपाट बुडाच्या तांब्यात कढत पाणी भरा. तांब्या फडक्याने धरा आणि कापडावर फिरवा. चुरगळलेले कापड मोजले, तर माप खोटे येते.

आता कापडाचा दोरा बघा. प्रत्येक कापडात उभे दोरे असतात आणि आडवे दोरे असतात. विणकर त्यांना ताणा आणि बाणा म्हणतात. कापड दोऱ्याच्या रेषेत ओढले तर फार ताणत नाही. तिरपे ओढले तर खूप ताणते. शिंपी याला उरेप म्हणतात. आपला तुकडा उरेप कापला गेला, तर तो हातात लांबतो. शिवताना चौकोनाचा पतंग होतो. म्हणून चौकोनाच्या कडा नेहमी दोऱ्याच्या रेषेत हव्या.

सरळ रेषा मिळवायची सोपी युक्ती आहे. कापडाच्या कडेला कात्रीने छोटी चीर द्या. त्या जागचा एक दोरा धरून हळू ओढून काढा. कापडावर बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर कापा. कापड दणकट असेल तर चीर देऊन सरळ फाडले तरी चालते. सुती कापड दोऱ्यादोऱ्यानेच फाटते.

मग साचा करा. जाड पुठ्ठा घ्या. फूटपट्टीने ४ इंचांचा चौकोन आखा. कोपरे पोस्टकार्डाच्या कोपऱ्याला लावून बघा. चौकोनाच्या आत दोन तिरप्या रेघा मोजा. दोन्ही सारख्या भरल्या, तर चौकोन खरा. एक लांब, एक आखूड असेल, तर पुन्हा आखा. दुसरा साचा १० इंचांचा करा. पुठ्ठा कापायची कात्री वेगळी आणि कापडाची वेगळी ठेवा. कागद-पुठ्ठा कापून कात्रीची धार जाते.

साचा कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवा. साच्याची कड दोऱ्याच्या रेषेला लावा. गडद कापडावर पांढऱ्या खडूने आखा, फिक्यावर पेन्सिलीने. खडूला टोक करा. जाड रेघ म्हणजे खोटे माप. एका चौकोनाला लागूनच दुसरा आखा. कात्रीचे काम निम्मे होते आणि कापड वाया जात नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे सांगतो. प्रत्येक तुकडा साच्यावरूनच आखा. कापलेल्या तुकड्यावरून दुसरा तुकडा कधी आखू नका. पहिला तुकडा सुतभर मोठा झाला, त्यावरून दुसरा आखला, तो आणखी सुतभर मोठा होतो. हिशेब करून बघा. प्रत्येक तुकडा इंचाच्या आठव्या हिश्श्याने मोठा झाला आणि असे बारा तुकडे एका ओळीत आले. आठ तुकड्यांचा एक इंच, चार तुकड्यांचा अर्धा. ओळ दीड इंचाने वाढली! शेजारची ओळ तिला मिळणार नाही. मग बाई ओढून-ताणून शिवते, आणि दुपटे मधे फुगते.

कापताना कापड जमिनीवर सपाट ठेवा. मांडीवर कापू नका. घडी घातली तर दोनच पदरांची घाला. चार पदर ठेवले तर खालचा सरकतो. रेघेच्या मधोमध कापा. कात्री पूर्ण मिटू नका, पुढे सरकवत न्या. दहा तुकडे झाले की त्यांचा ढीग साच्यावर ठेवून बघा. जो बाहेर डोकावेल तो पुन्हा मापात आणा. जो आत राहील तो बाजूला टाका आणि दुसरा कापा.

दहा-दहा तुकड्यांची जुडी बांधा. जुडीला कागदाची चिठ्ठी लावा. गडदावर ‘ग’ लिहा, फिक्यावर ‘फ’, मध्यमावर ‘म’. आणि आकडा लिहा, १०. आपल्या हाताने लिहा. ‘ग’च्या पाच जुड्या होतील, ‘फ’च्या चार, ‘म’ची एक. अशा दहा जुड्या झाल्या की आजच्या पाकिटातले काम संपले.

काम आटोपल्यावर सुया आणि टाचण्या मोजून डबीत ठेवा. कामाला बसताना किती होत्या, उठताना किती आहेत, हे वहीत लिहा. एकसुद्धा कमी असेल तर शोधल्याशिवाय उठू नका. दुपटे बाळाचे आहे.

आणि दुपटे बाळाच्या अंगाखाली घालायचे. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर ओढायचे नाही. श्वास कोंडतो. हे आत्ताच लक्षात ठेवा.

एक इशारा देतो

“गुरुजी, नमुन्याचं थोडं तरी सांगा की!” असे आजी म्हणत आहेत. सांगत नाही. पण एक इशारा देतो.

शिवताना प्रत्येक कडेला अर्धा इंच कापड शिवणीत जाते. एका बाजूला अर्धा, समोरच्या बाजूला अर्धा. म्हणजे ४ इंचांचा तुकडा शिवल्यावर ३ इंच दिसतो. १० इंचांचा तुकडा शिवल्यावर ९ इंच दिसतो. तीन त्रिक नऊ. आता ५० गडद आणि ४० फिके तुकडे आहेत. दोन्ही आकड्यांना १० ने भागा. जे उत्तर येईल त्यावर रात्री विचार करा. जमिनीवर खडूने चौकोन आखून बघा. ज्याला उलगडेल त्याने गप्प बसावे, शेजारणीला सांगू नये.

पुढच्या शनिवारी दहा जुड्या घेऊन या. ज्याच्या जुड्या पुऱ्या नसतील त्यानेही यावे. आपण मिळून पुऱ्या करू. सुई, पांढरा दोरा आणि वही आणा. दुसरे पाकीट मी आणतो. चिठ्ठी कोण वाचणार, ते आत्ताच ठरवा.

मागच्या रांगेतले बाप्ये, तुमच्यातला एक वाचील काय? बरे झाले. हात वर आला. नाव लिहून घेतो.